नागपूरचे कर्नल सी. के. नायडू

आपल्या नागपूरला सगळे संत्र्यांचे शहर म्हणतात. पण नागपूरने देशाला एक मोठा खेळाडूही दिला. भारताच्या क्रिकेटच्या कसोटी संघाचे ते पहिले कर्णधार. त्यांचे नाव कर्नल सी. के. नायडू.

त्यांचे पूर्ण नाव कोट्टारी कनकय्या नायडू. त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. घराणे तेलुगू, पण नागपुरात स्थायिक झालेले. वडील वकील होते. सी. के. नागपुरातच शिकले आणि इथेच क्रिकेट खेळत मोठे झाले. ते उंच अन् ताठ होते. त्यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू हेसुद्धा पुढे भारताकडून खेळले.

त्या काळी हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चार संघांचे सामने होत. १९१६ साली नायडू हिंदू संघाकडून पहिल्यांदा खेळले. ते फलंदाजीला आले तेव्हा ७९ धावांत ७ गडी बाद झाले होते. समोर युरोपियन संघ. नायडूंनी पहिले तीन चेंडू नुसते अडवले. चौथ्या चेंडूला सरळ षटकार मारला! साहेबाला घाबरायचे नाही, हे त्यांनी बॅटने दाखवले.

तेव्हाचे राजे लोक चांगला खेळाडू दिसला की त्याला आपल्या संस्थानात बोलावून घेत. बैलबाजारात चांगल्या जोडीवर सगळ्यांची नजर असते ना, तसेच ते. १९२३ साली इंदूरच्या होळकर महाराजांनी नायडूंना बोलावले आणि आपल्या सैन्यात कॅप्टन केले. पुढे ते कर्नल झाले.

आमच्या गुरुजींनी सांगितले की अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तोही बॅट आणि चेंडूचाच खेळ. तिथे तर खेळाडूची खरेदी-विक्री होत असे. बेब रूथ नावाचा फार मोठा खेळाडू बोस्टनच्या संघाने १९१९ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या संघाला विकला. मग काय, त्यानंतर बोस्टनला अजिंक्यपद मिळायला २००४ साल उजाडावे लागले. नायडूंना कोणी विकले नव्हते. ते मानाने गेले. पण नागपूरचा मोठा खेळाडू बाहेर गेला, हे खरेच.

१ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध सामना होता. नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यात ११ षटकार होते. पाहुण्यांनी त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारतातले लोकही चांगले क्रिकेट खेळतात, हे तेव्हा साहेबांना पटले.

मग २५ जून १९३२ हा दिवस आला. इंग्लंडमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. कर्णधार नायडू. चेंडू अडवताना त्यांच्या हाताला जोराचा मार लागला. तरी ते फलंदाजीला गेले आणि पहिल्या डावात भारताच्या सर्वांत जास्त, म्हणजे ४० धावा त्यांनीच केल्या. सामना आपण हरलो, पण नाव झाले. त्याच दौऱ्यात त्यांचा एक षटकार नदी ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात पडला असे सांगतात. म्हणजे बघा, मारला नागपूर जिल्ह्यात अन् पडला वर्धा जिल्ह्यात!

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांना मिळाले. नायडू रुसून घरी बसले नाहीत. साधे खेळाडू म्हणून गेले. शेवटच्या कसोटीत त्यांना चेंडू लागला, तरी त्यांनी ८१ धावा केल्या.

इंदूरला त्यांनी होळकर संघ असा तयार केला की १९४५ ते १९५३ या काळात त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. सरावात त्यांची शिस्त फार कडक होती. मुंबईविरुद्धच्या एका अंतिम सामन्यात दत्तू फडकर यांचा चेंडू त्यांच्या तोंडावर बसला आणि दात पडले. तेव्हा नायडू ५६ वर्षांचे होते. तरी ते खेळतच राहिले. ६१ व्या वर्षी ते उत्तर प्रदेशकडून रणजी सामने खेळले. आपल्याकडे त्या वयाची माणसे नातवंडे खेळवतात!

१९५६ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले. आज तरुण खेळाडूंच्या एका स्पर्धेला सी. के. नायडू करंडक असे नाव आहे.

आता एक गंमत सांगतो. आपल्या विदर्भाने रणजी करंडक पहिल्यांदा १ जानेवारी २०१८ रोजी जिंकला. तो अंतिम सामना कुठे झाला, माहीत आहे? इंदूरला, होळकर स्टेडियमवर! नायडू नागपूरहून जिथे गेले, तिथूनच विदर्भाने करंडक आणला.

आपल्या गावातलीही कितीतरी माणसे कामासाठी बुटीबोरीला, पुण्याला गेली आहेत. कोणी म्हणतात, गेला तो गेला. मला तसे वाटत नाही. नायडूंनी ४४ वर्षे इंदूरला काढली, तिथे जीव ओतून काम केले. तरी आज आपण त्यांना नागपूरचेच म्हणतो. बाहेर गेलेला माणूस चांगले काम करतो तेव्हा दोन्ही गावांचे नाव होते.

मित्रांनो, आपणही मार लागला म्हणून रडत घरी जाऊ नये अन् बॅट मिळाली नाही म्हणून रुसू नये. खेळ पूर्ण करावा.

– इयत्ता चौथी