गरिबाचे घर आणि गरिबाचे मूल : ऑक्टेव्हिया हिल यांचे चरित्र

दारिद्र्यामुळे ज्या कुटुंबाचा निवारा जातो त्या कुटुंबातील मुलांचे काय करावे, हा प्रश्न कोणत्याही सुधारलेल्या राष्ट्रास चुकलेला नाही. त्याचे एक उत्तर सोपे आहे. मूल उचलावे, बालगृहात ठेवावे आणि कर्तव्य झाले असे मानावे. दुसरे उत्तर कष्टाचे आहे. ते हे की, मूल आईबापांजवळच राहील अशी त्या घराची व्यवस्था लावून द्यावी. ह्या दुसऱ्या मार्गावर ज्यांनी आपले आयुष्य वेचले त्या ऑक्टेव्हिया हिल ह्या इंग्रज बाईंचे चरित्र आमच्या वाचकांपुढे, विशेषतः भाड्याने घरे देणाऱ्या व्यापारी वर्गापुढे, ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ह्या बाईंचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी इंग्लंडातील विस्बेच गावी झाला. वडील जेम्स हिल हे धान्याचे व्यापारी असून पेढीही चालवीत. १८४० साली त्यांचे दिवाळे निघाले, पुढे त्यांचे मनःस्वास्थ्य ढासळले आणि संसाराचा भार आई कॅरोलाइन ह्यांजवर पडला. आजोबा डॉ. साउथवुड स्मिथ हे सार्वजनिक आरोग्याच्या चळवळीतील नामांकित पुरुष होते. एका नातीस त्यांनी आपल्याकडे वाढविले व बाकीच्यांस पैशाचा आधार दिला, म्हणूनच त्या मुली आईच्या पदराखाली राहू शकल्या. असा आजोबा प्रत्येक घरी नसतो.

१८५२ साली आईस लंडनमध्ये स्त्रियांच्या एका सहकारी कारखान्याची व्यवस्था पाहण्याचे काम मिळाले. तेथे दरिद्री मुलींकडून खेळणी करवून घेण्याचा वर्ग होता. त्यावर देखरेख करण्याचे काम ऑक्टेव्हियाकडे आले तेव्हा त्यांस पंधरावे वर्षही पुरते लागले नव्हते. ह्या मुलींच्या घरी जाता-येता त्यांनी जे पाहिले त्यानेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. त्या काळी इंग्लंडात १८३४ चा दरिद्र्यांविषयीचा कायदा चालू होता. निराधार कुटुंब सरकारी वर्कहाउसात शिरले की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे व मुले तिसरीकडे अशी ताटातूट होई. म्हणजे खोलीचे भाडे थकणे हीच पुष्कळदा मूल दुरावण्याची पहिली पायरी असे.

१८६५ साली प्रसिद्ध ग्रंथकार जॉन रस्किन ह्यांनी मॅरिलेबोन भागातील पॅरडाइस प्लेस येथील तीन मोडकळीस आलेली घरे घेऊन बाईंच्या हवाली केली. अट एकच होती : भांडवलावर शेकडा ५ प्रमाणे उत्पन्न मिळावे, म्हणजे इतर सावकारही ह्या कामात पैसा घालण्यास धजतील. बाईंनी गटारे, पाणी व छपरे दुरुस्त केली. दर आठवड्यास त्या किंवा त्यांच्या हाताखालील स्त्रिया स्वतः भाडे वसूल करीत. त्यामुळे कोणाचे काम सुटले, कोण आजारी पडले, कोणाचे मूल शाळेत जात नाही, हे संकट हाताबाहेर जाण्यापूर्वीच कळे. हंगाम मंदा असला की घरदुरुस्तीचे काम भाडेकऱ्यांसच मिळे. दुरुस्तीसाठी काढलेल्या रकमेतून जे उरे ते भाडेकऱ्यांच्या पसंतीच्या सुधारणेवर खर्च होई. पुढल्याच वर्षी घेतलेल्या घरांपाशी मुलांसाठी खेळण्याचे पटांगणही झाले. आणि शेकडा ५ चा हिशेब चुकला नाही!

दहा वर्षांच्या आत भाडेकऱ्यांची संख्या सुमारे ३,००० वर गेली. १८८४ पासून सदर्क भागातील चर्चच्या मालकीची घरे बाईंच्या देखरेखीखाली येऊ लागली. १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टच्या संस्थापकांत त्या होत्या व १९०५ साली दरिद्र्यांच्या कायद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राजमंडळावरही त्यांची नेमणूक झाली. १३ ऑगस्ट १९१२ रोजी त्या निवर्तल्या.

बाईंचे दोषही सांगितले पाहिजेत. भाडे थकविणाऱ्यास त्या घराबाहेर काढीत. सरकारने किंवा नगरपालिकेने गरिबांसाठी घरे बांधावी हे त्यांस मान्य नव्हते. परंतु ज्याच्या मिळकतीत शेकडा ५ चे भाडे बसतच नाही त्याने जावे कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पद्धतीत नव्हते. इंग्लंडानेच १९१९ च्या कायद्याने नगरपालिकांवर घरे बांधण्याची जबाबदारी टाकली. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने त्याही पुढचे पाऊल पडले : केवळ योग्य घर नाही म्हणून ज्यांची मुले काढून घेतली जाण्याची वेळ आली, किंवा काढून घेतलेली परत मिळत नाहीत, अशा कुटुंबांस घरभाड्याची मदत देण्याची तरतूद झाली.

आमच्याकडे काय? २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलास संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. तत्त्व उत्तम आहे. त्याच कायद्यात कुटुंबास प्रायोजकत्वाची मदत देण्याचे कलम आहे; त्यात औषधोपचार, पोषण व शिक्षण ह्यांची नावे आहेत, पण निवाऱ्याचा समावेश इतर गरजा ह्या मोघम शब्दांतच करून घ्यावा लागतो. आमचे म्हणणे इतकेच की, केवळ डोक्यावर छप्पर नाही म्हणून एखादे मूल बाल कल्याण समितीपुढे आले, तर पहिला विचार बालगृहाचा न होता भाड्याच्या खोलीचा व्हावा, आणि त्यासाठी सरकारने व नगरपालिकांनी स्वतंत्र निधी राखावा. घरे बाळगणाऱ्या आमच्या सधन बंधूंनीही लंडनच्या त्या तीन घरांचा हिशेब एकवार मांडून पाहावा. खोलीचे भाडे थकले तर ते पुढे फिटू शकते. आईवेगळे वाढलेल्या मुलाची ती वर्षे कोणत्याही तिजोरीतून परत देता येत नाहीत.