सुझॅना वेस्ली : संस्कारांसाठी राखून ठेवलेली संध्याकाळ

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली आणि हजारो भक्तिगीतांचे रचनाकार चार्ल्स वेस्ली या बंधूंच्या धार्मिक जडणघडणीचे मोठे श्रेय त्यांच्या मातोश्री सुझॅना यांना दिले जाते. सुझॅना यांचा जन्म २० जानेवारी १६६९ रोजी लंडन येथे झाला. पुढे धर्मगुरू झालेल्या सॅम्युएल वेस्ली यांच्याशी १६८८ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांच्या १९ अपत्यांपैकी १० जगली.

इंग्लंडमधील एपवर्थ या गावी त्यांनी संसार केला. १७०५ मध्ये कर्जापायी पतीला तुरुंगवास घडला. तशाही परिस्थितीत सुझॅना यांनी दररोज सहा तास घरीच शाळा चालवली. पाच वर्षे पूर्ण होताच मुलांना अक्षरे शिकवली जात आणि वाचनाचा आरंभ बायबलमधील उत्पत्तीच्या ग्रंथाने होई. वाचता आल्याखेरीज मुलींना घरकामास लावायचे नाही, असा त्यांचा दंडक होता.

फेब्रुवारी १७०९ मध्ये त्यांचे घर आगीत भस्मसात झाले. पाच वर्षांच्या जॉनला खिडकीतून बाहेर काढण्यात आले. त्यानंतर काही काळ मुले इतरांच्या घरी विखुरली आणि त्यांची शिस्त बिघडली, याचे सुझॅना यांना दुःख झाले. पुढे तमिळनाडूतील तरंगमबाडी येथे कार्य करणाऱ्या डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तान्त ऐकून त्या प्रभावित झाल्या. आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलाशी एकांतात बोलण्यासाठी त्यांनी राखून ठेवली. जॉनच्या वाट्याला गुरुवार आला. ऑक्सफर्डमध्ये अध्यापन करीत असतानाही त्यांना त्या गुरुवारची ओढ वाटत होती.

१७१२ च्या सुमारास पती लंडनला असताना त्यांच्या रविवारच्या कौटुंबिक प्रार्थनेस सुमारे २०० ग्रामस्थ जमू लागले. स्त्रीने प्रार्थना चालवण्यास आक्षेप घेण्यात आला. परंतु स्पष्ट आज्ञा मिळाल्याशिवाय ती बंद करणार नाही, असे त्यांनी पतीला कळवले.

त्यांची शिस्त कठोर होती. लहानग्यांना मोठ्याने रडण्याचीही मुभा नव्हती. तिचे फळ सर्वच मुलांना सारखे लाभले नाही. बुद्धिमान कन्या हेटी हिचा विवाह पित्याच्या आग्रहाखातर झाला आणि तो दुःखाचा ठरला. मात्र, प्रत्येक मुलाचे मन स्वतंत्रपणे जाणून घेण्याची त्यांची रीत आजही पालकांना विचारप्रवृत्त करते.

२३ जुलै १७४२ रोजी लंडन येथे सुझॅना यांचे निधन झाले. बनहिल फील्ड्स येथील दफनभूमीत त्यांनी चिरविश्रांती घेतली.