तानाका शोझो : अहवालाने बुडवलेल्या गावाचा सोबती

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असली की आम्ही जाडजूड अहवालात आधी एकच गोष्ट शोधतो : चौकशीचा प्रश्न कोणी ठरवला? ही सवय आम्हाला जपानच्या तानाका शोझो यांच्या चरित्राने लावली.

१८४१ साली कोनाका गावच्या मुखियाच्या घरी ते जन्मले. तरुणपणीच तिथल्या सरंजामदाराशी भांडून तुरुंगात गेले. १८९० साली जपानच्या पहिल्या संसदेत निवडून आले. त्याच वर्षी वातारासे नदीला पूर आला आणि आशिओच्या तांब्याच्या खाणीचे विष शेतांत पसरले. १८९१ मध्ये तानाकांनी संसदेत सरकारला जाब विचारला. शेतीखात्याचे मंत्री होते मुत्सु मुनेमित्सु. त्यांचाच मुलगा खाणमालक फुरुकावा इचिबेई यांना दत्तक गेलेला!

शेतकरी टोकियोवर चालून गेले, तेव्हा कुठे १८९७ साली चौकशी समिती नेमली गेली. खाणीने गाळ अडवणारे हौद बांधावेत, धूर शुद्ध करावा, असे आदेश निघाले. कामे झाली, पण शेते सुधारली नाहीत. १९०० सालचा मोर्चा पोलिसांनी झोडपून काढला. १९०१ मध्ये तानाकांनी खासदारकी सोडली आणि अर्ज घेऊन थेट सम्राटाच्या घोडागाडीकडे धावले. सरकारने त्यांना वेडा ठरवून सोडून दिले.

१९०२ साली दुसरी समिती आली. खरी मेख इथे आहे. मातीतले विष बहुतांशी १८९७ पूर्वीचे आहे, आता पूर आवरला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. विषाचा प्रश्न पुराचा झाला. पुरासाठी तळे हवे, तळ्यासाठी यानाका गाव हवे. सुमारे ४५० घरांचे गाव. खाण मात्र चालूच.

१९०४ साली, साठी ओलांडलेले तानाका यानाकात राहायलाच गेले. (आमच्यासारखे कार्यकर्ते संध्याकाळच्या एसटीने परततात.) १९०७ मध्ये उरलेली १६ घरे सरकारने जमीनदोस्त केली. लोकांनी तिथेच झोपड्या उभारल्या. पुढची वर्षे तानाका नदीकाठांनी पायी फिरले, पाणी कुठवर चढले हे गावकऱ्यांना विचारून स्वतः नोंदवत राहिले. सरकारच्या अहवालाला त्यांचे हे उत्तर होते.

१९१३ साली ते वारले. झोळीत राज्यघटना, बायबलचा नवा करार, रोजनिशी आणि काही खडे निघाले. खाण १९७३ मध्ये बंद झाली. कंपनीने दोष मान्य करून शेतकऱ्यांना भरपाई दिली ती १९७४ साली.