एका ओळीमागचा माणूस

डीबीएमएसच्या लॅबमध्ये आपण सगळेच हे करतो. जावाच्या प्रोग्रॅममधून कनेक्शन उघडायचं, एसक्यूएलची एक ओळ सर्व्हरला पाठवायची आणि आलेलं उत्तर स्क्रीनवर छापायचं. सर्व्हर शेजारच्या खोलीत असो की दुसऱ्या देशात, ओळ तीच! एवढ्याशा ओळीत काम भागतं कसं, हे शोधता शोधता मी एडगर कॉड यांच्यापर्यंत पोचलो.

कॉड यांचा जन्म १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरचा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये पायलट होते. युद्धानंतर अमेरिकेत जाऊन आयबीएममध्ये प्रोग्रॅमर झाले. सिनेटर मॅकार्थी यांचं राजकारण पटलं नाही म्हणून १९५३ मध्ये सरळ कॅनडा गाठलं. काही वर्षांनी परत आले आणि १९६५ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी डेटा काढायचा तर आतले रेकॉर्ड एकमेकांना कसे जोडलेत, हे प्रोग्रॅमरला माहीत असावं लागे. पॉइंटर धरून एकावरून दुसऱ्यावर जायचं. आतली रचना बदलली की प्रोग्रॅमही बदला! १९७० च्या पेपरमध्ये कॉड यांनी वेगळीच वाट दाखवली. डेटा साध्या टेबलांत ठेवा. काय हवंय ते प्रोग्रॅमने सांगावं, कसं शोधायचं ते मशीनने बघावं. म्हणूनच आज एक ओळ पाठवून भागतं. नाहीतर प्रत्येक रेकॉर्डसाठी नेटवर्कवर हेलपाटा पडला असता.

पण घरचाच विरोध! आयबीएमचा धंदा आयएमएस या जुन्या पद्धतीच्या डेटाबेसवर चालला होता, त्यामुळे कंपनी चालढकल करत राहिली. तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी कॉड यांच्या कल्पनेवरून एसक्यूएल बनवली, पण ती बाजारात आधी आणली ओरॅकलवाल्यांनी, १९७९ मध्ये. आयबीएम आली १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग अवॉर्ड मिळालं.

गंमत म्हणजे एसक्यूएलवर ते स्वतः खूश नव्हते. टेबलात एकच रो दोनदा येऊ देणं त्यांच्या गणितात बसत नव्हतं. १९८५ मध्ये त्यांनी आपले प्रसिद्ध नियम मांडून कंपन्यांना खडसावलं. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात ते गेले.

व्हायवाच्या आदल्या रात्री आपण जे नॉर्मल फॉर्म घोकतो, त्यांची सुरुवातही त्यांचीच. घोकताना कधीतरी या हट्टी माणसाची आठवण काढूया.