कर्करोगाचे मूळ पेशीत शोधणारे बोव्हेरी

यकृताच्या कर्करोगामागे पेशींतील जनुकीय बिघाड असतो, हे आज सर्वमान्य आहे. या विचाराचा पाया घालणारे थिओडोर बोव्हेरी मात्र प्राणिशास्त्रज्ञ होते. १२ ऑक्टोबर १८६२ रोजी जर्मनीतील बाम्बर्ग येथे त्यांचा जन्म झाला. १८९३ पासून ते वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते.

सी-अर्चिन या काटेरी सागरी जीवाच्या अंड्यात दोन शुक्राणू शिरल्यास गुणसूत्रांची विषम वाटणी होऊन गर्भाची वाढ बिघडते, असे त्यांनी १९०२ मध्ये दाखवले. अशाच बिघाडातून एका पेशीपासून कर्करोग उद्‌भवतो, असा सिद्धान्त त्यांनी १९१४ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. प्रत्यक्ष पुराव्याअभावी तो दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

प्रकृती खालावल्याने बर्लिनमधील नव्या संस्थेचे संचालकपद त्यांनी नाकारले होते. १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी, अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मार्सेला यांनी केलेला ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९९१ मध्ये चीन व दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांच्या यकृताच्या गाठींत ‘पी-५३’ जनुकात एकाच ठिकाणी उत्परिवर्तन आढळले. शेंगदाणे व मक्यावरील बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाशी त्याचा संबंध जोडला गेला. कर्करोगाचे मूळ पेशीच्या आनुवंशिक द्रव्यात शोधण्याची बोव्हेरींची दिशा अचूक होती.