त्यागराजसमाधीच्या सेविका : बंगळूर नागरत्नम्मा

तंजावरपासून थोड्या अंतरावर, कावेरीच्या तीरी तिरुवैयारू हे गाव वसले आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला दक्षिणेतील लहानथोर गायक-वादक तेथे जमतात आणि संत त्यागराजांच्या समाधीसमोर बसून त्यांच्या पंचरत्न कृती एका सुरात गातात. या आराधना-उत्सवाला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. ज्या मंदिरासमोर हे गायन चालते ते मात्र एका देवदासीने आपले दागदागिने विकून उभारले, आणि ते उभे राहिल्यावरही कित्येक वर्षे उत्सवात स्त्रीच्या गळ्याला मज्जाव होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. ती स्त्री म्हणजे बंगळूर नागरत्नम्मा.

त्यागराज (१७६७–१८४७) हे तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातले. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी त्यांना दरबारी बोलावले आणि त्यांनी नम्रपणे नकार दिला, ही कथा दक्षिणेत आजही आवडीने सांगतात. विद्वानांना वेड लावणाऱ्या कृतींबरोबरच त्यांनी साध्या चालीची दिव्यनाम कीर्तनेही तेलुगूत रचली, आणि रागाचे नावही ठाऊक नसलेल्या माणसांच्या भजनांत ती रुजली. अखेरच्या काळात त्यांनी संन्यास घेतल्यामुळे त्यांच्या देहाला नदीकाठी समाधी देण्यात आली. पुढे शिष्य पांगले आणि वृंदावनाभोवती रान माजले. १९०३ मध्ये दोघा वृद्ध शिष्यांनी त्या जागेची डागडुजी केली. थोड्याच वर्षांत तेथे वार्षिक उत्सव सुरू झाला. पण भागवतमंडळींत बेबनाव होऊन त्याचे थोरला पक्ष आणि धाकटा पक्ष असे दोन तुकडे पडले. इतर सर्व बाबतींत भांडणाऱ्या या दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते : स्त्रियांनी येथे गायचे नाही.

नागरत्नम्मांचा जन्म १८७८ सालचा, म्हैसूर संस्थानातील नंजनगूडजवळचा. आई पुट्टलक्ष्मी देवदासी होती. परिस्थिती हलाखीची असतानाही मुलीला संस्कृत आणि संगीत उत्तम यावे, हा तिचा ध्यास होता. पुढे बंगळुरास मुनुस्वामप्पा या गुरूंकडे नागरत्नम्मांनी गायनाचे धडे घेतले. हे गुरू त्यागराजांच्याच शिष्यशाखेतले. तेव्हा तिरुवैयारूशी त्यांचे नाते तेथे पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधीच जुळले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मद्रासला आल्या आणि पाहता पाहता त्यांच्या मैफलींचा बोलबाला झाला. पैसा आला, घर झाले, अंगभर दागिने झाले.

त्यांचा पिंड नुसत्या गायिकेचा नव्हता, हे १९१० साली दिसून आले. तंजावरच्या प्रतापसिंह महाराजांच्या (१७३९–१७६३) दरबारात मुद्दुपळनी नावाची गणिका-कवयित्री होऊन गेली. तिच्या ‘राधिकासांत्वनम्’ या शृंगारकाव्याची छापील प्रत नागरत्नम्मांनी पाहिली, तेव्हा तीत काही पद्येच काय, कवयित्रीने स्वतःच्या घराण्याविषयी लिहिलेला भागही गाळलेला त्यांना आढळला. त्यांनी हस्तलिखित मिळवले, पाठ तपासला आणि वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलू या मद्रासच्या प्रकाशनसंस्थेकडून संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले. असाच शृंगार पुरुष कवींनी रंगवला तर तो अभिजात ठरतो आणि स्त्रीने लिहिला की अश्लील, हा न्याय कोणता, असा त्यांचा रोख होता. सरकारने १९११ मध्ये ग्रंथावर बंदी घातली. ती उठायला स्वातंत्र्याचा उंबरठा यावा लागला. आपल्या मराठी राजाच्या पदरच्या कवयित्रीसाठी कानडी मुलखातल्या या बाईने एवढी झुंज घ्यावी, याची नोंद आपण ठेवायला हवी होती. ती फारशी ठेवली गेली नाही.

१९२१ मध्ये समाधीच्या दुर्दशेची वार्ता त्यांच्या कानी आली. स्वप्नात गुरूंची आज्ञा झाली, असे त्या मानीत. त्या तिरुवैयारूला गेल्या, भोवतालची जागा हस्तगत केली, रान साफ करवले आणि मंदिराचा पाया घातला. हळूहळू मद्रासची मिळकत या कामात विरघळत गेली. १९२६ च्या जानेवारीत मंदिराचा कुंभाभिषेक झाला, त्यागराजांची मूर्ती बसली आणि नित्यपूजेची व्यवस्था लागली. आता तरी आराधनेत गाऊ द्यावे, हरिकथा करू द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. (ही हरिकथा म्हणजे तंजावरात मराठी कीर्तनाच्या वळणावर घडलेला प्रकार.) तीही दोन्ही पक्षांनी मानली नाही.

यावर त्यांनी जे केले त्यात त्यांचे सारे शहाणपण दिसते. त्या कोणाला अडवायला गेल्या नाहीत. मंदिर आपण बांधलेले आहे, तेव्हा उत्सवाच्या वेळी त्यांना दाराला कुलूप लावता आले असते. त्याऐवजी १९२७ पासून त्यांनी मंदिराच्या मागील बाजूस स्त्रियांची स्वतंत्र आराधना मांडली. देवदासी कलावती तेथे येऊन गाऊ लागल्या. पुढच्या अंगाला दोन पुरुषपक्ष आणि पाठीमागे स्त्रियांचा तिसरा पक्ष, असा हा विलक्षण उत्सव बरीच वर्षे चालला. यजमानीणच घराच्या परसात बसलेली! अखेर १९४० च्या सुमारास सनदी अधिकारी एस. वाय. कृष्णस्वामी, मुसिरी सुब्रमण्य अय्यर आदींच्या खटपटीने पक्ष एकत्र आले. १९४१ ची आराधना एकच झाली आणि स्त्रियांना समाधीसमोर गाता आले. पंचरत्नांचे समूहगायनही याच एकीतून रूढ झाले.

दुसरी एक लढाई त्या हरल्या. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी देवदासी-प्रथाबंदीचे विधेयक मांडले, तेव्हा नागरत्नम्मांनी आपल्या भगिनींना संघटित करून त्याला विरोध केला. कोवळ्या मुलींची जी परवड या प्रथेत होई ती पाहता बंदी आवश्यकच होती, यात शंका नाही. तथापि साऱ्या वर्गाला एकाच नावाने हिणवले जात असताना त्या वर्गाने शतकानुशतके जपलेल्या विद्येचे काय, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात कायदा झाला.

उत्तरायुष्यात त्या तिरुवैयारूलाच येऊन राहिल्या. मंदिरासाठी विश्वस्तनिधी करून उरलीसुरली मिळकत त्यांनी त्याच्या हवाली केली, आणि देवदासींसह कोणत्याही स्त्रीला येथे सेवेपासून वंचित ठेवू नये, अशी तरतूद करून ठेवली. १९ मे १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीच्या सान्निध्यातच आहे. तेथे त्यांची मूर्ती आहे : हात जोडून, त्यागराजांकडे तोंड करून बसलेली.