बास गिटारला वरच्या स्वरांत बोलते करणारे जॅको पास्टोरियस
बास गिटार हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील मागच्या रांगेचे वाद्य. खर्ज धरून ठेवावा आणि तालाला आधार द्यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. या वाद्यातून घंटेसारखे निनादणारे स्वर काढणारे अमेरिकी वादक जॅको पास्टोरियस यांचे २१ सप्टेंबर १९८७ रोजी, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी निधन झाले.

त्यांचा जन्म १ डिसेंबर १९५१ रोजी पेनसिल्व्हेनियातील नॉरिसटाऊन येथे झाला. बालपण फ्लोरिडात गेले. वडील ड्रमवादक आणि गायक. जॅकोही ड्रमच वाजवत. परंतु अमेरिकी फुटबॉल खेळताना मनगट दुखावले आणि ते बासकडे वळले. त्यांच्या १९६२ च्या फेंडर जॅझ बासला पडदे नव्हते. ते काढून खाचांत लांबी भरलेली होती आणि पट्टीवर, बोटींना लावतात त्या इपॉक्सीचे थर दिलेले होते.

१९७६ मध्ये त्यांची स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तीत पत्नीच्या नावाने रचलेली ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ ही जेमतेम अडीच मिनिटांची रचना आहे. एकटा बास, आणि तोही प्रामुख्याने नैसर्गिक हार्मोनिक्सवर वाजवलेला. यात तार दाबायची नसते. ठरावीक बिंदूवर बोट नुसते टेकवून तार छेडायची आणि बोट उचलायचे. बाराव्या पडद्याच्या जागी, म्हणजे तारेच्या मध्यावर, वरच्या सप्तकातील षड्ज मिळतो. सातव्याच्या जागी त्यावरचा पंचम, पाचव्याच्या जागी आणखी वरचा षड्ज. चौथ्याच्या किंचित अलीकडे, तारेच्या एक पंचमांश लांबीवर, शुद्ध गंधार उमटतो. तानपुऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच! असे बिंदू मोजकेच असल्याने प्रत्येक स्वर मिळत नाही. तेथे जॅको पहिल्या बोटाने तार दाबत आणि त्याच हाताची करंगळी ताणून पुढे टेकवत. हा ताण भल्याभल्या वादकांना आजही जड जातो.

१९७६ मध्येच ते ‘वेदर रिपोर्ट’ या जॅझ समूहात दाखल झाले. पुढील वर्षीच्या ‘बर्डलँड’ या रचनेत आरंभीची सुरावट बासच्या हार्मोनिक्सवर आहे. अनेक श्रोत्यांना ती बासची वाटतच नाही.

पुढची वर्षे मात्र क्लेशदायक होती. १९८२ च्या सुमारास त्यांनी समूह सोडला. त्याच काळात द्विध्रुवी मनोविकाराचे निदान झाले. मद्यपान वाढले, कामे सुटली आणि जगभर नावाजलेला हा वादक न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि उद्यानांत राहू लागला. १९८६ मध्ये तेथेच त्यांचा लाडका बास चोरीस गेला. सप्टेंबर १९८७ मध्ये फ्लोरिडातील विल्टन मॅनर्स येथे एका क्लबमध्ये प्रवेश नाकारल्यावरून झालेल्या मारहाणीत ते बेशुद्ध झाले, ते पुन्हा शुद्धीवर आलेच नाहीत.

चोरीस गेलेला बास सुमारे दोन दशकांनी न्यूयॉर्कमध्येच सापडला. त्याच्या मालकीचा वाद मिटवण्यासाठी ‘मेटॅलिका’ समूहाचे बासवादक रॉबर्ट त्रुहियो यांनी पुढाकार घेतला.